दादर टीटीमधली ट्राम कुठे गेली? (मुंबईच्या ट्राम आणि लोकल: आठवणी, माहिती, वाद)

मृणाल_चिंचपोकळी

परवा लेकाला घेऊन दादरला गेले होते. खोदादाद सर्कलजवळ बस आली तशी कंडक्टरने हाक दिली, "टीटी, टीटी उतरा." लेक म्हणाला, "आई, टीटी म्हणजे तिकीट तपासणारा ना? मग तो रोज इथेच का उतरतो?" अर्धी बस हसली. मी सांगितलं, अरे, टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. त्यावर त्याचा लगेच पुढचा प्रश्न: "मग ट्राम कुठंय?"

माझे आजोबा ट्रामवर कंडक्टर होते. ट्राम बंद झाल्यावर त्यांना बसवर घेतलं. मी चार वर्षांची असताना ते गेले. आता घरात त्यांची एकच वस्तू उरली आहे, खांद्याला अडकवायची चामड्याची पैशांची पिशवी. आत तीन कप्पे. मधल्या कप्प्याचा तळ नाण्यांनी घासून काळा आणि तुळतुळीत झालाय. पट्ट्याला मूळची पाच भोकं आहेत आणि सहावं दाभणाने पाडलेलं, वाकडं. आजोबा फार बारीक होते म्हणे.

ट्रामबद्दल ते घरात कधी बोलायचे नाहीत. पण आई एक गोष्ट नेहमी सांगते. बसमधून परळला जाताना एका ठरावीक जागी ते पाय फाकवून दांडी घट्ट धरायचे. रस्ता अगदी सरळ, धक्का नाही की वळण नाही. आईने एकदा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "इथं सांधा होता."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ट्राम नेमकी कुठून कुठे जायची? आणि ती खरंच बंद करायला हवी होती का? तुमच्या घरात कुणी ट्रामने फिरलेलं असेल तर नक्की लिहा.

सातरस्ता

मृणालताई, फार छान धागा. ती पिशवी जपून ठेवा, आणि तिला पॉलिश वगैरे करू नका.

सुरुवातीपासून सांगतो. मुंबईत ट्राम आली ९ मे १८७४ ला, आणि ती घोड्यांची होती. पहिले मार्ग दोनच: कुलाबा ते पायधुणी (क्रॉफर्ड मार्केटवरून) आणि बोरीबंदर ते पायधुणी (काळबादेवीवरून). कुलाबा ते पायधुणी भाडं ३ आणे होतं आणि तिकीट नावाचा प्रकारच नव्हता. पुढे भाडं २ आण्यांवर आलं, गर्दी वाढली आणि मग तिकिटं निघाली. २० गाड्या आणि २०० घोड्यांवर सुरू झालेल्या या सेवेकडे १९०५ साली ती बंद होताना १,३६० घोडे होते. आज आपण डेपोत किती बस उभ्या आहेत ते मोजतो. तेव्हा रोज संध्याकाळी इतक्या घोड्यांचा दाणावैरण, नाल आणि खरारा बघायला लागत असेल. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून घोड्यांना टोप्या घालायचे, असंही वाचलं आहे. कुलाबा कॉजवेवर आज जिथे इलेक्ट्रिक हाऊस उभं आहे, तिथे या घोड्यांचे तबेले होते. म्हणजे एकाच जागेवर आधी घोडा आणि मग वीज!

विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ ला, संध्याकाळी, महापालिकेच्या इमारतीसमोरून क्रॉफर्ड मार्केटकडे. १९२० मध्ये डबलडेकर ट्राम आली. पुढे ट्राम उत्तरेला दादर आणि किंग्ज सर्कलपर्यंत गेली. तुमचा टीटी त्यातलाच.

गुरुवारपेठ

पुण्यात ट्राम नव्हती. आम्ही सायकलीवर खूश होतो.

सातरस्ता

@गुरुवारपेठ, मुंबईत ट्राम असताना सायकल चालवायला छाती लागायची. ट्रामचा रूळ रस्त्याच्या पातळीत असतो आणि त्यात चाकाची कड बसायला एक खाच असते. सायकलचं चाक त्या खाचेत गेलं की सायकलस्वार थेट पुढच्याच्या मांडीवर! माझे काका लालबागला सायकलवरून पाव पोचवायचे. रूळ ओलांडायचा तर काटकोनातच ओलांडायचा, हा त्यांचा धडा आम्हा सगळ्या भाच्या-पुतण्यांना पाठ होता. रूळ उखडून वीस वर्षं झाली तरी ते आम्हाला तेच शिकवत होते.

अश्विनी_नाशिक

ट्राम फक्त मुंबईची नव्हे! आमच्या नाशकातही होती. १८८९ मध्ये सुरू झाली, मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत. आधी चार घोडे ओढायचे. गाव आणि स्टेशन यांच्यात तेव्हा झाडीच झाडी, त्यामुळे यात्रेला उतरलेल्या माणसाला ट्राम म्हणजे मोठाच आधार. १९३० च्या सुमाराला तोट्यामुळे ती बंद पडली. आज नाशिकरोडहून शालिमारला रिक्षाचे पैसे देताना मला दर वेळी तिची आठवण येते.

रस्तेवाला

माझं मत धाग्यावरच्या बहुतेकांपेक्षा वेगळं असेल, पण मी बत्तीस वर्षं मुंबईत बस चालवली आहे, म्हणून लिहितो. ट्राम बंद केली ते बरोबरच केलं.

बसपुढे टेम्पो बंद पडला तर मी बस बाजूने काढतो. ट्रामपुढे बैलगाडीचं चाक निखळलं तरी ट्राम थांबणार, तिच्या मागची थांबणार, त्याच्या मागचीही थांबणार. लालबागला अडकलेली गाडी भायखळ्यापर्यंत रांग लावणार. दुसरी गोष्ट, ट्रामचे रूळ रस्त्याच्या मधोमध. प्रवासी उतरणार ते मोटारींच्या धारेत. म्हातारं माणूस, लेकुरवाळी बाई यांनी भर रस्त्यात उतरून फुटपाथपर्यंत पळायचं. तिसरी गोष्ट म्हणजे पाऊस. हिंदमाताला पाणी भरल्यावर तिथल्या रुळांचं आणि त्या खाचेतल्या चिखलाचं काय होत असेल, ते ज्याने तिथे पावसाळ्यात गाडी चालवली आहे त्यालाच कळेल.

ट्रामचं प्रेम मला कळतं. पण चालवणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. ट्रामचा ड्रायव्हर बिचारा खरोखर उभाच असायचा, दिवसभर.

नकाशावेडा

रस्तेवालाकाका, तुमच्या अनुभवापुढे मी कोण! पण एक मुद्दा मांडतो. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत, मात्र त्यांचं मूळ एकच आहे: ट्रामला स्वतःची जागा दिलीच नाही. रूळ रस्त्यात आणि त्याच रुळांवर बैलगाडी, व्हिक्टोरिया (घोडागाडी), टॅक्सी, लॉरी, सगळं चालू दिलं. रुळांना नुसता वीतभर उंच कठडा केला असता तर ट्राम अडकली नसती. रस्त्यावरची मोटार वाढली, ट्राम मंद झाली आणि मग मंद आहे म्हणून ट्रामलाच काढलं.

आणि तिच्या जागी काय आणलं ते बघा. १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक ट्रॉलीबस सुरू केली. वरून विजेची तार, खाली रबरी चाकं, रूळ नाहीत. १९७१ मध्ये तीही बंद! धूर न सोडणारी दोन वाहनं या शहराने सात वर्षांच्या आत गमावली. आता आपण विजेच्या बस आल्या म्हणून टाळ्या वाजवतो.

रस्तेवाला

@नकाशावेडा, कठड्याचा मुद्दा मान्य. पण गिरगावच्या रस्त्यात कठडा घातला असता तर उरलेल्या रस्त्यातून हातगाडी तरी गेली असती का? रुंद रस्त्यांवर ठेवायला हवी होती, एवढं मी मानतो. किंग्ज सर्कल ते दादर पट्टा ट्रामसाठीच जन्मला होता.

नीलेश_मेलबर्न

इथे मेलबर्नला सुमारे २५० किमीचं ट्रामचं जाळं आहे, जगातलं सर्वात मोठं. शहराच्या मध्यभागात तिकीटच नाही, चढा आणि उतरा. मी रोज ट्रामनेच कामाला जातो. रस्तेवालाकाका म्हणतात तसे कित्येक रस्त्यांवर रूळ मधोमधच आहेत. पण ट्राम थांबली आणि दार उघडलं की मागच्या मोटारीने थांबायचंच, असा नियम आहे आणि लोक तो पाळतात. माझे बाबा आले होते तेव्हा पहिल्या दिवशी थांब्यावर उतरायलाच तयार नव्हते. "मोटार येईल रे!" तीन दिवसांनी हात वर करून मोटारींना थँक्यू म्हणायला लागले.

ते लहानपणी म्युझियमहून दादरला ट्रामने आलेले. मेलबर्नच्या ट्रामची घंटा ऐकून म्हणाले, "हीच, अगदी हीच." ड्रायव्हर पायाने दाबायचा ती.

डाऊनवाली

ट्राम गेली, पण मुंबईला खरी तोलून धरली ती लोकलने, असं मला वाटतं. मी सव्वीस वर्षं डोंबिवली-सीएसटी केलं. सकाळी डोंबिवलीहून आधी डाऊन जायचं, कल्याणला खिडकी पकडायची आणि मग तीच गाडी अप. त्यासाठी घर वीस मिनिटं आधी सोडायचं. डब्यात हळदीकुंकू, केळवणं, डोहाळजेवणं सगळं केलंय. आमच्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा अख्ख्या डब्याने साखळी ओढायची की पुढच्या स्टेशनची वाट बघायची यावर मत दिलं होतं. ठाण्याला उतरवली, मुलगी झाली.

माझ्या माहितीप्रमाणे पहिली विजेची लोकल १९२८ साली चर्चगेटहून सुटली. आणि पहिली बायकांची स्पेशलही चर्चगेटवरूनच, १९९२ मध्ये, बोरिवलीला. आम्हा सेंट्रलवाल्यांना नेहमीच उशिरा, हो की नाही?

कुर्लेकर

@डाऊनवाली, ताई, इथे मात्र सेंट्रलचा मान सेंट्रललाच! पहिली विजेची लोकल धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, बॉम्बे व्हीटीहून (आताचं सीएसएमटी) हार्बरने कुर्ल्याला. मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या कुर्ल्याच्या नावावर एवढी एकच मोठी गोष्ट आहे आणि तीही लोक विसरतात. तुम्ही म्हणता ती पश्चिमेची गाडी, जानेवारी १९२८ ची, कुलाबा ते बोरिवली. चर्चगेट तेव्हा शेवटचं स्टेशन नव्हतं, गाड्या पुढे कुलाब्याला जायच्या.

आणि मृणालताई, तुमच्या टीटीला आमच्याकडे एक जुळा भाऊ आहे. कुर्ल्याहून कलिन्याला जाणारा सीएसटी रोड. रोज हजारो माणसं त्यावरून जातात आणि समजतात की हे छत्रपती शिवाजी टर्मिनसचं नाव आहे. नव्या रिक्षावाल्याला सीएसटी रोड सांगा, तो म्हणेल "इतकं लांब नाही जमणार." खरं म्हणजे ते आहे सेंट्रल साल्सेट ट्रामवे! जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १९२८ मध्ये तुर्भे (ट्रॉम्बे) ते अंधेरी अशी एक छोटी लाईन काढली होती, कुर्ल्यावरून. १९३४ मध्ये बंद केली, कारण सांताक्रूझचा विमानतळ मध्ये आला. सहा वर्षांत रूळ गेले, रस्त्याला नाव राहिलं. नावाचंही पूर्ण रूप गेलं, तीन अक्षरं राहिली.

मृणाल_चिंचपोकळी

कुर्लेकर, अंगावर काटा आला! मी कलिन्यात दोन वर्षं नोकरी केली. रोज त्या पाटीखाली उभी राहून बसची वाट बघायचे. आज लेकाला सांगितलं तर तो म्हणतो, "म्हणजे ट्राम नावांत लपलीये." त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंय.

नकाशावेडा

कुलाबा स्टेशनचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. १९३० च्या डिसेंबरात बॉम्बे सेंट्रल सुरू झालं आणि त्याच महिन्याच्या शेवटी कुलाबा स्टेशन बंद झालं. बधवार पार्क म्हणून रेल्वे अधिकाऱ्यांची जी वसाहत आहे, तिथे ते होतं. चर्चगेटच्या पुढे रूळ नाहीत, समुद्र जवळ आहे म्हणून गाडी तिथे संपते, असं आपल्याला वाटतं. पण रूळ होते आणि ते काढले. आता मेट्रो ३ पुन्हा कफ परेडपर्यंत गेली आहे, जमिनीखालून. काढलेलं परत आणायला सुमारे ९५ वर्षं लागली. ट्रामबद्दल माझी तक्रार हीच आहे.

वीजतंत्री

१९२५ चा विषय निघाला म्हणून विजेबद्दल थोडं लिहितो, माझं कामच ते.

ती पहिली लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावली आणि मुंबईची लोकल त्याच १५०० व्होल्टवर जवळजवळ नव्वद वर्षं धावत राहिली. व्होल्टेज कमी असलं की तेवढ्याच शक्तीसाठी करंट जास्त लागतो. जास्त करंट म्हणजे तार जाड आणि सबस्टेशनं जवळजवळ. ९ डब्यांच्या जागी १२ डबे आले, गाड्यांमधलं अंतर कमी झालं, तेव्हा ही व्यवस्था पुरेनाशी झाली. म्हणून २५,००० व्होल्ट एसी आणलं. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये संपलं, मध्यचं २०१५ मध्ये, हार्बरचं २०१६ मध्ये. गाड्या बंद न ठेवता. रोज रात्री शेवटची गाडी गेली की पहिली गाडी सुटेपर्यंत जेमतेम तीन तास मिळायचे. तेवढ्यात तारेखाली उभं राहून काम उरकायचं. जुने पूल तर इतके ठेंगणे होते की २५,००० व्होल्टची तार आणि पूल यांच्यात पुरेसं अंतर राहावं म्हणून काही ठिकाणी रूळ खाली घ्यावे लागले. वरचं काम करायला खालची जमीन खणायची!

ही माणसं कुणाला दिसली नाहीत. लोकांना एवढंच दिसलं की रविवारी मेगाब्लॉक आहे.

डाऊनवाली

@वीजतंत्री, मेगाब्लॉकला शिव्या देणाऱ्यांत मी पहिली होते. आज हे वाचून मनापासून आभार मानते. आणि कुर्लेकर, चूक सुधारल्याबद्दल धन्यवाद, १९२५ आता आमच्या ग्रुपवर टाकते. पश्चिमवाल्या दोघी आहेत, त्यांना दाखवायलाच हवं.

गुरुवारपेठ

अवांतर: आमच्याकडे पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये आली. दुपारी गाड्या कमी असायच्या, म्हणून तिच्या वेळा आईच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरमागे पेन्सिलने लिहिलेल्या होत्या. मुंबईकरांना वेळापत्रक लिहून ठेवायची गरज वाटत नाही, याचं आम्हाला फार नवल वाटायचं.

आबा५५

मी सहसा फक्त वाचतो. पण मूळ प्रश्न मागे पडला आहे आणि त्याचं उत्तर द्यायला आता आमच्या वयाचीच माणसं उरली आहेत.

३१ मार्च १९६४, मंगळवार. मी नऊ वर्षांचा. आम्ही परळला राहायचो, ट्रामच्या रस्त्याला लागून. शेवटची ट्राम रात्री दहाला बोरीबंदरहून दादरला निघणार, हे सगळ्या चाळीला माहीत होतं. वडील मिलमधून दुसऱ्या पाळीला होते, म्हणून आईच आम्हा तिघांना घेऊन खाली उतरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इतकी माणसं की गणपतीची मिरवणूक निघावी. फरक एवढाच की ढोल नाहीत, ताशे नाहीत. ट्राम दिसायच्या आधी तिच्या तारेचा आवाज यायचा, सूं सूं असा. तो आला आणि माणसं एकदम गप्प झाली.

मग ट्राम आली, चालण्याच्या वेगाने. दांड्याला, पायऱ्यांना माणसं लटकलेली. ड्रायव्हर सारखा पायाने घंटा वाजवत होता, माणसं बाजूला होत नव्हती म्हणून. आमच्या शेजारच्या बाईंनी पुढे होऊन ट्रामच्या अंगाला नुसता हात लावला, देवळात लावतात तसा. वरच्या दांड्यातून निळी ठिणगी पडली आणि माझी धाकटी बहीण घाबरून रडायला लागली. बास, एवढंच. ट्राम पुढे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यात रूळ तसेच होते आणि त्यावर कुणी येणार नव्हतं. मला ते समजायला बरेच दिवस लागले. रस्ता ओलांडताना मी कित्येक महिने दोन्हीकडे ट्राम बघत असे.

रस्तेवालांशी मी बराचसा सहमत आहे. ट्राम हळू होती हे खरं. पण मिलच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाला घाईपेक्षा भरवसा हवा होता. पहाटे अंधारात ट्राम यायचीच. पायरी खाली होती, म्हातारी माणसं चढू शकायची. माझी आजी बसमध्ये कधीच चढली नाही. ट्राम गेल्यावर तिचं महालक्ष्मीला जाणं थांबलं.

मृणालताई, तुमचे आजोबा शेवटच्या स्टॉपवर काय करायचे ते तुम्हाला कुणी सांगितलंय का? गाडी वळवायला जागा नसायची. कंडक्टर खाली उतरून वरच्या दांड्याची दोरी हातात घ्यायचा, दांडा तारेवरून खाली ओढायचा, गाडीला अर्धी फेरी मारून तो उलट्या दिशेला तारेला लावायचा. रात्री तार दिसत नसे. एकदोनदा चुकायचं, ठिणग्या उडायच्या, आतले दिवे लागायचे-विझायचे. आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. मग ड्रायव्हर आपला पितळी हँडल काखेत मारून दुसऱ्या टोकाला चालत जायचा आणि शेपटीचं तोंड व्हायचं.

रस्तेवाला

आबा, पायरीचा मुद्दा तुम्ही मांडलात तो माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. बत्तीस वर्षांत किती म्हाताऱ्या बायका पायरीशी थबकल्या आणि मागे झाल्या, ते आता आठवायला लागलंय. माझं मत थोडं बदलतो: अरुंद रस्त्यांवरून काढली ते ठीक, सगळीकडून काढली ते चुकलं.

सातरस्ता

आबा, वाचताना डोळे भरले. नवीन वाचकांसाठी: फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी रस्त्याखाली ट्रामचे जुने रूळ सापडले होते. मी मुद्दाम बघायला गेलो. गंजलेले, पण खाच शाबूत. सीएसएमटीसमोर भाटिया बागेत ट्रामचा डबाही मांडून ठेवला आहे. मुलांना दाखवायला न्या, आणि आबांची पोस्ट तिथे उभं राहून वाचून दाखवा.

मृणाल_चिंचपोकळी

आबा, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. दोरीचं आणि दांड्याचं तिला माहीत नव्हतं. मला म्हणाली, परत वाच. मी तीनदा वाचली.

काल रविवार होता म्हणून आई, लेक आणि मी बसने भायखळ्याहून परळला गेलो, फक्त ती जागा शोधायला. आईला वाटत होतं की आता पुलांमुळे काहीच ओळखू येणार नाही. लालबागच्या थोडं अलीकडे ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "इथे. इथे बाबा दांडी धरायचे." खिडकीतून बघितलं तर बाजूने एक रस्ता येऊन मिळतो, बाकी खूण काही नाही. लेकाने पाय फाकवून दांडी धरली.

@नकाशावेडा, तुमच्याकडे जुना नकाशा असेल तर तिथे बाजूच्या रस्त्यावर ट्रामची लाईन होती का ते बघाल का?

नकाशावेडा

ताई, सांधा तिथेच असतो जिथे दुसरी लाईन येऊन मिळते, त्यामुळे तुमच्या आईंचं बरोबर असणार. नकाशा गावी आहे, शनिवारी जातोय. बस कोणत्या दुकानासमोर होती तेवढं आठवून ठेवा.

मृणाल_चिंचपोकळी

दुकान आठवत नाही. कोपऱ्यावर पिंपळ आहे, त्याला चौथरा बांधलेला, वर निळा रंग. थांबते शनिवारपर्यंत.